फुकटचं, भाड्याचं आणि जड

२९ जानेवारी

सुलभाताईंनी बोलावलं म्हणून गेले. नेरूळ, डेअरीच्या वरचा गाळा, त्यांचं वधूवर केंद्र. चहा बिनसाखरेचा आला. म्हटलं, मी असा नाही पीत. "प्यायला लाग. चाळिशी आलीच," म्हणाल्या. त्यांना माझी जन्मतारीख वेळेसकट पाठ आहे. घटस्फोट झाल्या झाल्या आईने माझं नाव तिथे घालून ठेवलंय. विभाग पुनर्विवाह.

पण आज बोलावणं कामाचं. केंद्राची वेबसाइट करायची, पाडव्याला सुरू, म्हणजे लग्नसराईच्या आधी. मी दातांचे डॉक्टर, क्लासवाले, कॅटरर यांच्या साइट्स करते, म्हणून मी. "वर्षा, तू घरचीच," म्हणाल्या. घरच्यांशी कसं वागतात ते त्यांच्या सुनेला विचारावं.

साइट कशावर बांधायची याचे तीन पर्याय सांगितले. तिन्हींची नावं परदेशी, त्यांच्या तोंडात बसेनात, मग त्यांनीच बारसं केलं. एक 'भाड्याचं': दुसऱ्या कंपनीचं तयार घर, दर महिन्याला भाडं, खिळा ठोकायचा तरी त्यांना विचारा. दुसरं 'फुकटचं': सगळं मोकळं, हवं ते जोडा, पण कुलपं आपली आपण बसवायची. तिसरं 'जड': कोणता रकाना कोणाला दिसेल इथपर्यंत सगळं बारीक ठरवता येतं, पण बांधता बांधता माझा जीव जाईल.

"तू निवड," म्हणाल्या. "नापास मी करीन."

२ फेब्रु.

रकाने ठरवायला बसलो. उंची. पत्रिका. रंग. रंगाच्या चार छटा त्यांनी बोटांवर मोजत सांगितल्या: गोरा, निमगोरा, गव्हाळ, बाकी. मी 'बाकी' टाइप केलं. खरंच केलं.

मग म्हणाल्या, "व्यंग."
म्हटलं, हा कशाला?
"मग काय लग्नानंतर कळू दे?"
म्हटलं, ज्याचं त्याने सांगावं की, भेटल्यावर.
"भेटल्यावर म्हणजे पोहे खाऊन झाल्यावर. मग माझ्या नावाने बोंब."

शेवटी तडजोड. रकाना राहील, पुढे एक टिक, 'सर्वांना दिसावे'. टिक असली तर सगळ्या सभासदांना दिसेल, नसली तर फक्त ऑफिसला. आधीपासून लावलेली असेल, हा त्यांचा हट्ट. कुणी मागितलं तर काढायची, हा माझा. जिंकल्यासारखी घरी आले.

पुनर्विवाहवाल्यांना एक जास्तीचा रकाना, कारण. पटले नाही / मूल नाही / व्यसन / इतर. "'इतर' ठेवू नकोस," म्हणाल्या, "सगळे त्यातच जाऊन बसतात."

६ फेब्रु.

कमिटीपुढे डेमो, तात्पुरता फुकटच्यावर बांधलेला. कमिटी म्हणजे तीन निवृत्त गृहस्थ आणि सु.ताई. खोटी नावं भरून नेली होती. सु.ताई म्हणाल्या, "असं काय कळणार? जिवंत माणूस दाखव. तुझंच टाक ना."

नाही म्हणता आलं असतं.

माउस माझ्या हातात, सांगणार त्या. रंग? "गव्हाळ लिही. त्याच्या पुढे जाऊ नकोस." कारण? मी 'पटले नाही' निवडलं. "अगं, मूल नाही ना?" मोठ्याने. "खरं काय ते टाक, डेमोच आहे."

टाकलं. प्रोजेक्टरवर भिंतभर मी. वर्षा, पुनर्विवाह, मूल नाही. मागून एक आवाज, "दिसायला तर बरी आहे." दुसरा, "फोटो जुना असेल." मी हातभर अंतरावर उभी होते. फोटो या दिवाळीचा.

मग तिसऱ्याने विचारलं, पुढच्या पानावर कसं जायचं. दाखवलं.

आईला सांगितलं. आई म्हणाली, "बरं झालं. चार माणसांनी बघितलं तरी."

१० फेब्रु.

मुद्द्याचं आज निघालं. सभासद साइटवर एकमेकांना निरोप पाठवणार, ते सगळे सु.ताईंना वाचता आले पाहिजेत. "माझ्या छपराखाली बोलणार आणि मला कळायला नको?"

भाड्याच्यात ते होत नाही, निरोप त्या कंपनीकडे कुलुपात. जडमध्ये होतं, पण ज्याचे निरोप वाचले त्याला तसं कळेल अशी सोय मी करू शकते. फुकटच्यात एक बटण. दाबलं की सगळ्यांचं सगळं उघडं, कुणाला पत्ता नाही.

मी जडची शिफारस केली. भाषणच दिलं. लोक आपल्याला आतलं सांगतात, त्यांना घरात शिरल्यासारखं वाटलं नाही पाहिजे, वगैरे. बोलताना मला माझा आवाज आवडत होता. त्या नखं बघत होत्या. म्हणाल्या, "महिनाभर फुकटचं लावून बघू. थोड्या लोकांवर. बटण बंद ठेव हवं तर. मग ठरवू."

ठीक. चाचणीची माणसं त्या निवडणार.

१३ फेब्रु.

गाळ्याचे मालक भोईरकाका आले. करावे गावचे. मिठागरं गेली, जमिनी गेल्या, आता तीन इमारतींची भाडी. सु.ताई सगळ्यांशी वरून बोलतात, काकांशी खालून. बरोबर त्यांची मुलगी रेश्मा. चौतीस, शाळेत गणित शिकवते.

"हिचा नाव घाला तुमचे कॉम्प्युटरान," काका म्हणाले. "पन बगून. माना फालतू मानूस नको."

ते खाली गाडीत जाऊन बसले. सु.ताई फोनवर. तेव्हा ती म्हणाली, ताई, एक विचारू? दोन्ही हातांवर मनगटापर्यंत पांढरे डाग. गळ्याजवळ थोडे. कोड. माझ्या धंद्यातला शब्द आणि हा, लिहायला सारखेच.

"मला लपवायचं नाहीये," म्हणाली. "पण आधी माणसाने माझ्याशी बोलू दे. नाहीतर पान उघडतात, तो रकाना वाचतात, बंद करतात. मी माझं मी सांगेन."

तिच्यासमोर टिक काढली. तिने पडद्याकडे नीट बघितलं, शिक्षिका उत्तर तपासते तसं. मग मला हात जोडले. हातांकडे बघायचं नाही म्हणून मी तिच्या चेहऱ्याकडेच बघत राहिले. तिला ते कळलं.

१७ फेब्रु.

डेमोनंतर साइटवरून माझी माहिती काढायची राहून गेली होती.
राहून गेली नव्हती. ठेवली होती. इथे तरी खरं लिहावं.

आज निरोप. शिरीष, त्रेचाळीस, राहायला खांदेश्वर, नोकरी तळोज्याला एका केमिकल कारखान्यात, क्वालिटीत. बायको आजारपणात गेली. मुलगी आहे, चौथीत.

निरोप एवढाच: "नमस्कार. तुमच्या माहितीत 'कारण' म्हणून जे आहे ते तुम्ही स्वतः लिहिलंय असं वाटत नाही. चुकत असेन तर माफ करा."

वाचून उठले. दोरीवरचे कपडे काढून आणले. ओले होते.

२० फेब्रु.

बोलणं चालू आहे. एक दिवसाआड. माणूस कमी लिहितो, पण पूर्ण वाक्यं लिहितो. कारखान्यातून आला की आधी अंघोळ, मग मुलीला जवळ घेतो, कारण कपड्यांना वास असतो. असलं काहीतरी लिहितो आणि मी दिवसभर ते घेऊन फिरते.

एका डॉक्टरांच्या साइटवर दुसऱ्या डॉक्टरांचा फोटो लावला. त्यांचा फोन आला तेव्हा कळलं.

२२ फेब्रु., रविवार

सीवूड्सच्या मॉलमध्ये भेटलो. त्याने पांढरा शर्ट घातला होता, कॉलरला इस्त्री, बाह्यांना नाही. मुलीने निवडला म्हणाला. बरा आहे. बरा म्हणजे, मी काय लिहू.

जाताना म्हणाला, "एक सांगायला हवं. मी आणखी एकीशी बोलतोय. तिलाही सांगितलंय की मी तुमच्याशी बोलतो. नावं सांगितली नाहीत, ते बरोबर नाही. पण लपवाछपवी नको."

म्हटलं, छान. असंच असायला हवं. अगदी बरोबर केलंत.
मग चुकीच्या सरकत्या जिन्याने वर गेले.

आईला सांगायला नको होतं. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ती लहान असेल तुझ्याहून. मूल होण्यातली."

२५ फेब्रु.

कोण ते बघितलं.

निरोप वाचले नाहीत. ते बटण बंद आहे आणि बंदच राहील. पण साइट चालवणाऱ्याला कोण कुणाशी बोलतंय एवढं दिसतंच, त्याला माझा इलाज नाही. रेश्मा भोईर. रोज. कधी दिवसातून दोनदा.

निरोप वाचले नाहीत हे स्वतःला इतक्यांदा सांगितलं, जसं काही कुणी सत्कार करणार आहे.

२७ फेब्रु.

केंद्रात, दुपारी. सु.ताई जेवायला घरी गेल्या होत्या. रेश्माचं पान उघडलं. व्यंग. टिक लावली. सेव्ह.

लगेच काढली. सेव्ह.

पाणी प्यायले. म्हटलं, त्याला कळायला नको? एका मुलीचा बाप आहे तो. ही फसवणूकच की. (त्याच्या मुलीची काळजी मला. बघा.) लावली. मग तिचे जोडलेले हात आठवले, काढली. मग रविवारचा पांढरा शर्ट आठवला.

जिन्यात सु.ताईंच्या चपलांचा आवाज आला. तेव्हा लावलेली होती. लॅपटॉप मिटून टाकला.

त्या वर येऊन म्हणाल्या, "चेहरा का असा? जेवली नाहीस?" म्हटलं, डबा खाल्ला.

घरी येऊन भेंडी चिरली. एकसारखी, बारीक.

१ मार्च

कुणीतरी रेश्माच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून त्यांच्या समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. सु.ताईंना कुणी पाठवला, त्यांनी मला. फोटो, नाव, शिक्षण, नोकरी आणि खाली 'व्यंग: कोड (हात, गळा)'. त्याखाली एकाने लिहिलंय, "सेल लागलाय का?" त्याखाली हसणारी तोंडं. खूप.

असं होईल असं वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं फक्त एक माणूस वाचेल.

ते वाचून तो मागे फिरेल. हेच हवं होतं ना. मग लिही.

२ मार्च

भोईरकाका वर आले. बसले नाहीत.

"माझी पोर चोर हाय का? तिचे हात सगल्या गावाला म्हायत हायत. पन ह्या काय, बाजारान पाटी लावलेसारखा? कोनी लावला ता?"

सु.ताई उभ्या राहिल्या. "काका, मशीन आहे हो. कधी काय उघडं पडेल सांगता येत नाही. काय गं वर्षा?"

म्हटलं, हो. अपडेट आलं होतं. त्यात झालं असेल.

काकांनी माझ्याकडे बघितलं. विश्वास ठेवला. म्हणाले, तिचं नाव काढून टाका. उरणकडचं एक स्थळ आहे, माणूस पन्नाशीचा, मोठाले दोन मुलगे, ते लोक बघून हो म्हणतात. आता उरकून टाकतो. "लय वाट बगली," म्हणाले आणि जिना उतरले, कठड्याला धरून.

दार लागलं. सु.ताई हसायला लागल्या. "मशीन म्हणे! चांगलं केलंस. नुसत्या चौकशा करणारे तरी थांबले." मग खुर्चीत बसत, "त्या खांदेश्वरवाल्यासाठी ना?"

मी लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागले.

"मला नको सांगूस. माझं सगळं आयुष्य यात गेलंय गं. बाईच्या चालण्यावरून कळतं."

५ मार्च

शिरीषचा फोन. निरोप नाही, फोन.

म्हणाला, "मी ज्या दुसऱ्या मुलीबद्दल बोललो होतो, तिच्या बाबतीत फार वाईट झालं. साइटवर तिचं काहीतरी खाजगी उघडं पडलं. तुम्ही हेच काम करता म्हणून विचारतो, असं आपोआप होतं?"

म्हटलं, होऊ शकतं. अपडेटमध्ये. दुसऱ्यांदा बोलताना सोपं जातं.

मग विचारलं. विचारायलाच हवं होतं. तुम्हाला धक्का बसला असेल, नाही? ते कळल्यावर?

"कळल्यावर? तिने पहिल्याच निरोपात सांगितलं होतं. फोटोही पाठवला होता हातांचा. म्हणाली, हे बघून उत्तर द्यायचं तर द्या."

पुढे तो काय बोलला ते नीट ऐकलं नाही. शेवटी म्हणाला, तिच्या वडिलांनी तिचा फोन बंद करायला लावलाय, बोलणं थांबलं. "तुमच्याशी बोलून बरं वाटतं," म्हणाला.

म्हणजे मला हवं होतं ते झालं. फक्त मी समजत होते त्या कारणाने नाही.

८ मार्च

पर्यायांचा अहवाल दिला. लिहिलं: फुकटचं सुरक्षित नाही, चाचणीत खाजगी माहिती उघडी पडली, म्हणून जड घ्यावं. बिचारं सॉफ्टवेअर. त्याने काय केलं? मी लावली ती टिक त्याने इमानदारीत दाखवली.

सु.ताईंचा आज कुठेतरी महिला दिनाचा सत्कार होता, शाल अंगावर घेऊनच आल्या. अहवाल वाचला, शांतपणे, चष्मा लावून. मग दोन तुकडे.

"फुकटचंच घ्यायचं."
म्हटलं, का?
"जडला मी नवखी. भाड्याचं परक्याचं. फुकटच्यात बटणं दाबणारं माणूस माझ्या हातातलं आहे." शाल घडी करत म्हणाल्या, "आणि ते निरोप वाचायचं बटण, ते पाडव्याच्या आत चालू कर."

म्हटलं, ते मी करणार नाही.
"करशील. त्या शिरीषचा नंबर आहे माझ्याकडे. काकांचा तर रोजचा आहे." आवाज जराही चढला नाही. "रडू नकोस. पेढा घे."

घेतला. रडलेही नाही. पेढा चांगला होता.

११ मार्च

शिरीषने नवीनच काढलंय. म्हणतो, तिने शेवटच्या निरोपात उरणच्या स्थळाचं लिहिलं होतं, आपण दोघं करावेला जाऊ. भोईरकाकांना भेटू. "मी गेलो तर त्यांना वाटेल लग्नाचं बोलायला आलो. तुम्ही जाणकार. तुम्ही सांगितलंत की यात मुलीचा दोष नाही, तिने काही खोटं भरलं नव्हतं, तर ते ऐकतील. निदान त्या उरणच्या स्थळाची घाई तरी करणार नाहीत."

म्हटलं, तुम्हाला तिच्याशी लग्न करायचंय का?
म्हणाला, "माहीत नाही. पण असं तिला कुणाच्याही गळ्यात घालायला मी कारण व्हायचं नाही."

तो कारण. तो!

हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं.

१३ मार्च

जाऊन आलो. क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मी हे वेगळंच आठवीन.

तीन मजली घर, अंगणात तुळस, दोन गाड्या. काकी पाणी घेऊन आल्या. रेश्मा आतून आली, माझ्याकडे बघून हसली, शिरीषकडे बघून मान हलवली. पूर्ण बाह्यांचा ड्रेस. त्या दिवशी केंद्रात अर्ध्या होत्या.

शिरीषने सुरुवात केली, मग माझ्याकडे बघितलं. अपडेट म्हणायला तोंड उघडलं आणि म्हटलं, "चूक माझ्याकडून झाली, काका. तुमच्या मुलीने काही लपवलं नव्हतं. तिने मला सांगून ठेवलं होतं, माझ्या हातून ते उघडं राहिलं."

चूक. उघडं राहिलं. किती सभ्य शब्द सापडतात.

काकांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. म्हणाले, "चूक झाली तं झाली. तुमी घरा येऊन सांगताव, दुसरा कोनी आला नसता. पन लोकांनी वाचला ता तुमी पुसाल काय?"
म्हटलं, नाही.
"मंग?"
मग काही नाही. उरणचे लोक पाडव्याला येणार आहेत. काकी म्हणाल्या, तोच माणूस बरा, त्याने हातांचं विचारलंसुद्धा नाही. रेश्मा म्हणाली, "त्याने माझं काहीच विचारलं नाही, आई." काकी चहा टाकायला आत गेल्या.

निघताना शिरीष रिक्षा बघायला कोपऱ्यापर्यंत गेला. रेश्मा फाटकापर्यंत आली.

"ताई, बाबांना म्हणालात चूक झाली."
म्हटलं, हो.
"त्या दुपारी माझा ऑफ पिरियड होता. स्टाफरूममध्ये बसून माझंच पान बघत होते, फोटो बदलावा का म्हणून. ते दिसलं. मग गेलं. परत दिसलं. परत गेलं. मला वाटलं फोन बिघडला." फाटकाची कडी ती उगाच वरखाली करत होती. "मग कळलं. मशीन असं करत नाही. असं माणूस करतं. मी वाट बघत होते, शेवटी काय ठेवताय."

मी कोपऱ्याकडे बघितलं, रिक्षा अजून आली नव्हती.

"बाबांना सांगणार नाही. ते केंद्र पेटवतील आणि परत नाव माझंच होईल. त्यांना," तिने कोपऱ्याकडे मान केली, "त्यांनाही मी सांगणार नाही. तुम्ही सांगा."

"आणि नाही सांगितलं तर?" हे विचारलं मी. हेही लिहून ठेवते.

"तर तुम्ही त्यांच्या मुलीची आई व्हाल," ती म्हणाली. रागाने नाही. गणिताचं उत्तर सांगावं तसं. मग कडी लावली आणि आत गेली.

रिक्षात शिरीष म्हणाला, "तुम्ही स्वतःवर घेतलंत. इतकं कुणी करत नाही." हात माझ्या हातावर ठेवला. काढला नाही मी. रविवारी घरी येऊ का म्हणाला, आईंना भेटायला.

१४ मार्च

व्यंगचा रकाना साइटवरून काढून टाकला. टिक नव्हे, रकानाच. सगळ्यांचा. भरलेली माहितीही पुसली, परत आणता येणार नाही अशी. 'कारण'ही काढला. निरोप वाचायचं बटण ज्या जोडणीत होतं ती जोडणीच उपटली.

याने रेश्माचं काही होत नाही. स्क्रीनशॉट लोकांच्या फोनमध्ये आहे.

करताना बरं वाटलं, म्हणून जास्त वेळ घेतला नाही.

१५ मार्च, रविवार

सकाळपासून सु.ताईंचे फोन. उचलले नाहीत. मग मेसेज: "रकाने कुठे गेले?" मग: "शिरीष आज तुझ्याकडे येतोय ना? आई म्हणाली." आईने सांगितलं. अर्थात आईने सांगितलं. मग बराच वेळ काही नाही. त्या शांतपणे काहीतरी करत असणार.

शिरीष आलाय. एकटाच. मुलीने चिठ्ठीऐवजी चित्र पाठवलंय, त्यात मी आहे म्हणे, तिने मला पाहिलेलं नाही तरी. केस लांब काढलेत.

बाहेर बसलाय. मी कपडे बदलायच्या निमित्ताने आत आलेय आणि हे लिहितेय. आधी ठरवलं होतं, पोहे झाल्यावर सांगायचं. मग ठरवलं पोह्यांच्या आधी, म्हणजे आईने केलेले पोहे त्याला खावे लागणार नाहीत. मग ठरवलं, तो गेल्यावर फोनवर. पण फोन आधी सु.ताईंचा गेला तर. आणि नाही गेला तर? त्या सांगणार नाहीत कदाचित. सांगून टाकलं तर त्यांचा माझ्यावर काय धाक उरेल? त्या गप्प राहतील, रेश्मा गप्प राहील, काकांना माहीत नाही. म्हणजे मी एकटी गप्प राहिले की झालं. इतकं सोपं आहे हे. कुणी अडवतच नाहीये

आई त्याला सांगतेय, "आमच्या वर्षाला खोटं बोलता येत नाही हो. तेवढा एकच दोष." तो काहीतरी म्हणाला, ऐकू आलं नाही. दोघं हसले.

ओढणी सापडत नाहीये.

सापडली.